तीन अटी, तीन डबे

पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि सिस्टरच्या तोंडात टूथब्रश होता. तिनं पट्टी खिडकीजवळ नेऊन पाहिली, दिव्याखाली धरून पाहिली, उलटी करून पाहिली. रेघा दोनच्या दोनच. टूथब्रश तोंडातून सुटून बादलीत पडला, तरी तिचा आ मिटेना.

दोन रेघांचा अर्थ न कळायला ती काही नवखी नव्हती. माता-बाल केंद्रात नर्स म्हणून नऊ वर्षं ती हाच अर्थ बायकांना समजावत आली होती. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे दिवस गेले. "दुसरी जरा फिकट आहे हो," असं कुणी म्हणालं की ती ठणकावून सांगायची, "फिकट असो की गडद, बाई. थोडेसे दिवस गेले असं काही नसतं." आणि आज तीच बाथरूममध्ये उभी राहून पुटपुटत होती, "तशी फिकटच आहे."

बाहेर पाळण्यात गब्बू आरोळ्या ठोकत होता. गब्बू हा तिचा मुलगा. वय पाच महिने वीस दिवस, आणि अंगानं असा भरलेला की त्याला उचलणारा आधी स्वतःची कंबर सांभाळून घ्यायचा. "नुसत्या आईच्या दुधावर आहे हो," असं सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

दर मंगळवारी अकरा वाजता केंद्रात तिचं व्याख्यान असे. विषय ठरलेला: अंगावर पाजताना पाळणा कसा लांबवायचा. बाळंतपणानंतर लगेच दुसरं काही वापरायचं नसेल, तर पहिले सहा महिने आईचं दूधच राखण करतं, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. आईची पाळी परत सुरू झालेली नको. आणि बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जायला नको. दिवसा चार तासांहून जास्त खंड नको, रात्री सहा तासांहून जास्त नको. "तीनातली एक जरी मोडली, तरी त्याच दिवशी माझ्याकडे या," ती बोट नाचवून बजावायची. "उद्या येते म्हणालात, तर पुढच्या वर्षी बाळंतपणालाच याल."

स्वतःच्या घरी तर तिनं या अटींचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला होता. गब्बू साडेतीन महिन्यांचा असताना ती कामावर परतली. नोकरीवाल्या आईचं या बाबतीत गणित कच्चं राहतं, पंपानं काढलेलं दूध आणि बाळानं ओढलेलं दूध यात शरीराला फरक कळतो, हे ती जाणून होती. म्हणून तर तक्ता. केंद्रातल्या औषधांच्या खोलीत दर तीन तासांनी ती पंपानं दूध काढायची, घरी आणून एक, दोन, तीन असे आकडे घातलेल्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची. दिवसाच्या बाटल्या सासूबाईंनी पाजायच्या. रात्री दोनचा गजर नवऱ्यानं लावायचा, तिला उठवायचं, पाजून झालं की चौकोनात टिक करायची. दोन महिन्यांत एकही चौकोन रिकामा नव्हता. आणखी दहा दिवसांनी सहा महिने भरले की तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायची, त्याची तारीखसुद्धा तिनं कोपऱ्यात लाल शाईनं लिहून ठेवली होती.

आणि नेमकं आज व्याख्यानाला मोठ्या बाई बसणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्यांना सिस्टरचा तक्ता इतका आवडला होता की एक प्रत त्यांनी स्वतःच्या घरी नेली होती. कारण त्याही बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतल्या होत्या आणि दिवसातून दोनदा केबिनच्या दाराला "मीटिंग चालू आहे" अशी पाटी लावून आत एकट्याच बसायच्या. आजचं व्याख्यान पसंत पडलं, तर तक्ता छापून सगळ्या केंद्रांत जायचा होता. खाली सिस्टरचं नाव छापून.

"अगं, आत झोपलीस की काय?" सासूबाईंनी दार वाजवलं.

"आले, आई!"

पट्टी टाकायची कुठे, हा पहिला प्रश्न. कचऱ्याच्या डब्यात टाकणं म्हणजे सासूबाईंच्या हातात नेऊन देणं. त्या रोज सकाळी ओला कचरा वेगळा करायच्या, सुका वेगळा करायच्या, आणि संशय येईल असा कचरा चष्मा लावून तपासायच्या. पर्स उघडी होती, कारण नवरा रोज निघताना तिच्या पर्समध्ये पेन शोधायचा. संध्याकाळपर्यंत पट्टी लपवायची, व्याख्यान उरकायचं, मग घरी येऊन निवांत रडायचं की काय करायचं ते ठरवायचं, असा तिनं विचार केला.

पट्टी मुठीत घेऊन ती आतल्या खोलीत गेली. तिथल्या कपाटात वरच्या फळीवर थंडीतल्या रजया होत्या. थंडीला अजून चार महिने होते, म्हणजे जागा बिनधोक. तिनं रजईत हात खुपसला, तर हाताला काहीतरी गार, गोल आणि टणक लागलं. बाहेर काढलं तर डबा. त्यावर हसणाऱ्या बाळाचं चित्र. बाळांसाठीची दूध पावडर, अर्धी संपलेली.

"काय शोधतेस गं?"

दारात सासूबाई. सिस्टरनं पट्टीची मूठ पाठीमागे नेली. सासूबाईंची नजर डब्यावर पडली आणि त्यांचा चेहरा कणकेसारखा पांढरा झाला.

"आई, हा डबा..."

"तो होय! तो... तो माझा. हाडं दुखतात ना माझी."

"हाडांना बाळांची पावडर?"

"म्हातारपण म्हणजे दुसरं बालपणच की," असं म्हणून सासूबाईंनी डबा पदराखाली घेतला आणि जवळजवळ धावतच स्वयंपाकघर गाठलं. हाडं दुखणाऱ्या बाईच्या मानानं त्या फारच चपळ धावल्या. एरवी सिस्टरला संशय आला असता. पण जिच्या मुठीत स्वतःचं गुपित घामेजत असतं, तिला दुसऱ्याच्या गुपिताकडे बघायला फुरसत नसते.

ती बाहेरच्या खोलीत आली. इथे सासऱ्यांची पुस्तकं होती. आप्पा तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी घरातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि कण्यावर चिठ्ठी असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सगळ्यात खालच्या कप्प्यात शब्दकोशाचे सहा जाडजूड खंड होते आणि ते गेल्या कित्येक वर्षांत कुणी उघडलेले नव्हते. सिस्टरनं चौथा खंड ओढला. त्याच्यामागे आणखी एक पुस्तक दिसलं. नीट खाकी कव्हर, नीट चिठ्ठी. चिठ्ठीवर आप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "बालसंगोपन, खंड दुसरा."

पुस्तक गोल होतं.

तिनं ते हलवलं. आतून खसखस आवाज आला. कव्हर फाडलं तर तेच हसणारं बाळ.

"अं हं हं!" मागून आप्पा ओरडले. हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. "तो संदर्भग्रंथ आहे. तो घरी नेता येत नाही!"

"आप्पा, आपण घरीच आहोत."

"हो का?" आप्पा म्हणाले आणि घाम पुसू लागले.

"आणि खंड दुसरा म्हणजे? पहिला कुठाय?"

"संपला," आप्पा खाली मान घालून म्हणाले.

 सिस्टरच्या एका हातातून डबा सुटला आणि दुसऱ्यातून पट्टी. डबा तिनं झेलला. पट्टी आप्पांच्या चपलेजवळ जाऊन पडली. त्यांनी ती उचलली, लांब धरून डोळे बारीक केले. "ताप मोजायची आहे का ही? दोन रेघा म्हणजे किती ताप?" आणि मोठ्यानं हाक मारली, "अगं ऐकलंस का! सूनबाईला दोन ताप आहे!"

सासूबाई एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात पदराखालचा डबा तसाच घेऊन आल्या. त्यांनी पट्टी पाहिली, सुनेकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि गब्बूच्या धुतलेल्या लंगोटांचा ढीग होता त्याच्यावर मटकन बसल्या.

"अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या. "परत?"

याच वेळी नवरा कामाला निघायच्या तयारीत खांद्याला हत्यारांची पिशवी लावून बाहेर आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि तपासायचा. "काय झालं?" त्यानं विचारलं. "तुझ्या मुलाला भावंड येतंय," असं त्याच्या आईनं सांगितलं, आणि पिशवी खांद्यावरून धाडकन फरशीवर आली. पाने निघाले, स्क्रू सांडले, तेलकट फडकं निघालं, आणि सगळ्यात शेवटी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला एक डबा घरंगळत घरंगळत सिस्टरच्या पायाशी येऊन थांबला. तिनं गाठ सोडली. आत हसणारं बाळ.

आता खोलीत चार मोठी माणसं होती, तीन डबे होते आणि फक्त पाळण्यातलं माणूस शांत होतं. 

"अहो," सिस्टर म्हणाली.

नवरा दचकला. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. "अहो" फक्त भयंकर रागावली की.

"अहो, हे काय आहे?"

"सांगतो. ऐकून घे. तू कामावर जायला लागलीस ना, त्या पहिल्या रात्री दोनला गजर झाला. मी तुला हलवलं. तू उठली नाहीस. परत हलवलं, तर तू झोपेत म्हणालीस, 'पुढची बाई पाठवा.' मग हा रडायला लागला. मी फ्रिजमधली तीन नंबरची बाटली कोमट करून पाजली."

"पण तू तर सांगायचास, मी झोपेतच पाजलं म्हणून! रोज सकाळी सांगायचास. मला आठवायचं नाही तर मला वाटायचं, माझंच डोकं गेलंय!"

"तू झोपेत हसत होतीस गं," तो हळूच म्हणाला. "बाळंतपणानंतर पहिल्यांदा. मग मला उठवायचा धीरच झाला नाही. कधीच."

 दोन महिने रोज सलग सात तास ती झोपत होती, आणि आपण दमूनही इतक्या ताज्यातवान्या कशा, याचं श्रेय ती स्वतःच्या मनोबलाला देत होती.

"आणि तीन नंबरची बाटली? ती तर सकाळी भरलेली असायची."

"ती मी... याच्यातलं दूध कालवून भरून ठेवायचो. म्हणजे आईला दुपारी कमी पडायला नको." त्यानं पायानं डबा मागे सरकवला.

"आणि टिक?"

"ती पण मीच."

"तुझ्या लिफ्टसुद्धा अशाच तपासतोस का रे? न बघता टिक?"

"काहीतरीच काय!" तो दुखावला. "लिफ्टमध्ये माणसं असतात!"

"आणि इथे कोण होतं? पार्सलं?"

 आप्पा एकदम पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत विलक्षण चमक होती.

"थांब, थांब. तीन नंबरच्या बाटलीत पावडरचं दूध असायचं? नक्की?"

"हो, आप्पा. रोज."

"म्हणजे मी चहात घातलं ते पावडरचं होतं!" आप्पांनी दोन्ही हात वर केले. "सुटलो! सूनबाई, सुटलो मी! अगं, दीड महिन्यापूर्वी तुझी सासू भाजी आणायला गेली होती. मी माझा मी चहा केला. फ्रिजमध्ये दूध दिसलं, ओतलं. प्यायलो. मग बाटलीवर तीनचा आकडा दिसला. तेव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता मला."

दीड महिना सासरे आपल्याशी भिंतीकडे तोंड करून का बोलतात, हे कोडं सिस्टरला तेव्हा उलगडलं. तिला वाटत होतं, त्यांची मान धरलीय.

"मग बाटली रिकामी बघून तू काय म्हणशील, म्हणून मी पावडर आणली," आप्पा सांगत राहिले. "भरून ठेवली. एकदाच. पण डबा उघडला होता, वाया कशाला घालवायचा? मग रोज अकराला, ही भाजीला गेली की, मी याला एक छोटी बाटली पाजायचो. फार शहाणा आहे गं तो. पिताना माझ्या चष्म्याकडे बघतो."

"अकराला?" आता सासूबाई लंगोटांवरून उठल्या. "अहो, अकराला तुम्ही पाजत होता? म्हणून पोरगं बाराला माझ्या हातानं पीत नव्हतं! आणि मला वाटायचं, याला माझा कंटाळा आला. मी मेली रडायची स्वयंपाकघरात. मग हा पाचला भुकेनं कळवळायचा, ही यायची सहाला. बघवेना मला. म्हणून दिली हो मीपण. वाटीभर. चमच्यानं. हाडांची शपथ."

हिशेब आता सरळ होता. रात्रीची पावडर, अकराची पावडर, पाचची पावडर, आणि दुपारच्या बाटलीतसुद्धा पावडर. एवढ्यावर पोट भरलेला गब्बू आई घरी आल्यावर दोन घोट प्यायचा आणि शिष्टाचार पाळल्यासारखा झोपून जायचा. अलीकडे पंपात दूध कमी येतंय, ते कामाच्या ताणानं, असं सिस्टर समजत होती. शरीर तिला गेले दोन महिने सांगत होतं. पण ती शरीराचं न ऐकता तक्त्याचं ऐकत होती, आणि तक्त्यावर सगळीकडे टिक होती.

"नुसत्या आईच्या दुधावर," ती स्वतःशीच म्हणाली. गब्बूनं पाळण्यातून एक ढेकर दिला.

मग ती रडली. राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती. अजून तिचं अंग नीट भरून आलं नव्हतं. तिला परत उलट्या, परत सुजलेले पाय, परत ते सगळं आठवलं. आणि ज्यांच्यावर ओरडायचं, त्या तिघांनीही हे तिच्यावरच्या आणि बाळाच्या मायेपोटी केलं होतं; त्यामुळे धड ओरडताही येईना. नवरा तिच्यापाशी येऊन बसला. "काय करायचं ते तू सांगशील तसं," तो म्हणाला. "मी आहे. आणि खोटी टिक आयुष्यात करणार नाही."

"संध्याकाळी बोलू," तिनं डोळे पुसले. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आता मला व्याख्यानाला उशीर होतोय." तिनं फ्रिजवरचा तक्ता ओढून काढला, घडी घातली आणि पट्टीसकट पर्समध्ये टाकला. आप्पांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "आज अकराला त्याला पाजायचं का मग?" सिस्टर तोवर अर्धा जिना उतरली होती.

केंद्राच्या हॉलमध्ये बावीस आया आपापल्या बाळांना घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाकावर त्यांच्या सोबतीला आलेल्या आज्या, आणि एका टोकाला एक आजोबा. दाराशी खुर्ची टाकून मोठ्या बाई, मांडीवर वही. पंखा कुरकुरत होता. सिस्टर भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यापुढे उभी राहिली आणि सवयीनं सुरुवात केली. पहिली अट झाली. दुसरी झाली. तिसऱ्या अटीपाशी तिची जीभ अडखळली.

पहिल्या रांगेत कपडे शिवणारी एक बाई बसली होती. चार महिन्यांची मुलगी मांडीवर. ती दर मंगळवारी यायची, आणि सिस्टर बोलायची तो शब्द अन् शब्द वहीत उतरवायची. ती मान हलवून म्हणाली, "सिस्टर, तुमचा तक्ता मी भिंतीवर लावलाय. सगळ्या टिका लागतात. तुमच्या शब्दावर मी अगदी निर्धास्त आहे बघा."

सिस्टरनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या पेन उघडून बसल्या होत्या. आता गप्प राहिलं तर तक्ता छापला जाणार होता, खाली नाव येणार होतं, आणि ही बाई निर्धास्त राहणार होती. बोललं तर नऊ वर्षांची पत गेलीच. सिस्टरनं पर्समधून तक्ता काढला, उलगडला आणि बायकांपुढे धरला.

"हा माझ्या घरचा," ती म्हणाली. "दोन महिने. एक चौकोन रिकामा नाही. आणि आज सकाळी मला कळलं, मला दिवस गेलेत."

हॉलमध्ये बावीस तोंडं एकदम उघडली. मोठ्या बाईंचं पेन जमिनीवर पडलं आणि घरंगळत गेलं, ते कुणी उचललं नाही.

"अटी खोट्या नाहीत," सिस्टर पुढे म्हणाली. "अटी मोडल्या, पण मला कळलं नाही. घरात पावडरचे तीन डबे निघाले. नवऱ्याचा एक, सासूचा एक, सासऱ्यांचा एक. कुणाला कुणाचा पत्ता नाही. सगळ्यांनी मायेनंच पाजलं, आणि टिकसुद्धा मायेनंच झाली. आणि पाळी आलेली नव्हती म्हणून मी गाफील राहिले. बायांनो, बीज पाळीच्या आधी सुटतं. पाळी येऊन सांगेल, मग बघू, असं नाही चालत."

"मग आता गब्बूचं दूध तोडणार का हो?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"नाही. बहुतेकींना पाजत राहता येतं. पण मी डॉक्टरांना विचारूनच ठरवेन. खरं सांगू? मला भीती वाटतेय. पण घरी तिघंजण आहेत, ज्यांचा बाळ पाजण्यात चांगलाच हात बसलाय." दोघी-तिघी हसल्या, आणि सिस्टरलाही थोडं हलकं वाटलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती टाचा उंचावून मागच्या बाकाकडे बघत म्हणाली, "आता मी आयांना विचारत नाही. मागे बसलेल्यांना विचारते. कुणी रागावणार नाही. आईला न सांगता बाळाला कुणी काही देतं का? पावडर, वरचं दूध, साखरेचं पाणी, काहीही?"

मागच्या बाकावर सगळ्यांनी छताकडे पाहिलं. पंखा कुरकुरला. मग एक हात हळूहळू वर आला. बांगड्यांचा आवाज झाला तशी पहिल्या रांगेतली शिवणारी बाई वळली.

"सासूबाई! तुम्ही?"

"एवढंसंच गं," सासू म्हणाली. "तू मशीनवर बसलीस की ती रडते. मशीन मध्येच थांबवलं तर शिवण बिघडते तुझी."

"पण टिका?"

"त्या काय, तू सांगितल्या होत्यास तशा केल्या."

त्यानंतर दुसरा हात वर आला. मग दोन एकदम. "बिस्किट भिजवून," एक आजी म्हणाली. "फक्त फळाचा रस," दुसरी म्हणाली. "मी फक्त चाटवलं," असं आजोबांनी सांगितलं, पण काय चाटवलं ते सांगायला त्यांनी साफ नकार दिला. अकरा आज्या आणि एक आजोबा, मिळून बारा हात वर होते. पुढे बावीस आया माना वळवून आपापल्या सासू-आयांकडे अशा बघत होत्या, की जणू आज पहिल्यांदाच भेटत आहेत. एक तर सरळ रडायलाच लागली. शिवणाऱ्या बाईनं वही मिटली आणि उभी राहिली.

"सिस्टर, मला ती तांबी आजच बसवता येईल का?"

"आधी तपासणी," सिस्टर म्हणाली. "पट्ट्या माझ्या कपाटात आहेत. रांग लावा."

दहा मिनिटांत हॉलमधून बाथरूमपर्यंत रांग लागली. सिस्टर पट्ट्या वाटत होती आणि प्रत्येकीला काय काय करता येतं ते सांगत होती: तांबी, इंजेक्शन, पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या. नऊ वर्षांत एवढ्या बायका तिच्या कपाटापाशी कधी आल्या नव्हत्या. एवढ्यात मागून आवाज आला, "सिस्टर, जरा माझ्या केबिनमध्ये या."

मोठ्या बाईंचा चेहरा ओढलेला होता. संपलं, सिस्टरला वाटलं. तक्ता गेला, व्याख्यान गेलं, आता बदलीचा कागद. ती पदर सारखा करून त्यांच्यामागे गेली. बाईंनी दाराला बाहेरच्या बाजूनं "मीटिंग चालू आहे" ची पाटी अडकवली, दार लावलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

"बाई, मी खरं सांगायला नको होतं का?"

"गप्प बसा जरा," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात फोन होता. "आमचं बाळ गेल्या महिन्यापासून रात्री सलग आठ तास झोपतं. सगळ्यांना सांगत सुटले मी, किती गुणाचं आहे म्हणून."

त्यांनी घरचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. पलीकडून बाळाचं खिदळणं ऐकू आलं, आणि मग त्यांच्या सासूबाईंचा प्रेमळ आवाज.

"बोल गं. मीटिंगमध्ये आहेस ना?"

"आई, एक विचारते," मोठ्या बाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या. "मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा. डबा कुठे ठेवलाय?"

पलीकडे बाळाचं खिदळणं तेवढं चालू राहिलं. मग चाचरत उत्तर आलं.

"कोणता? माझा की तुझ्या सासऱ्यांचा?"

सिस्टरनं ॲप्रनच्या खिशातून शेवटची पट्टी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.